नावाआधी ‘डॉ.’ लावताना : पीएच.डी. झालेल्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी तालुक्याच्या गावी एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवते आणि संशोधक विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करते. मौखिकी (प्रबंधावरची तोंडी परीक्षा) पार पडली, पेढे वाटून झाले की आठवडाभरात कुणाचा ना कुणाचा मेसेज येतोच : “मॅडम, आता डॉ. लावू का?” मागोमाग पाटी, आधार कार्ड, लग्नपत्रिका. तेच प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एमबीबीएस, बीएएमएस, बीडीएस वगैरे वैद्यकीय पदव्यांचा विचार इथे नाही. जिथे त्यांचा संबंध येतो तिथे तेवढाच.

१. पीएच.डी. झालेल्याने ‘डॉ.’ लावणं बरोबर आहे का? खरे डॉक्टर तर दवाखान्यातले ना?

पूर्णपणे बरोबर आहे. ‘डॉक्टर’ हा शब्द लॅटिनमधल्या ‘शिकवणे’ या अर्थाच्या धातूपासून आला. मध्ययुगात युरोपातल्या विद्यापीठांमध्ये धर्मशास्त्र, कायदा आणि वैद्यक या विषयांत अध्यापनाचा अधिकार मिळालेल्याला डॉक्टर म्हणत. म्हणजे वैद्य त्यांपैकी एक होते, एकटे नव्हते.

लांब कशाला, आपल्याच विद्यापीठांच्या कमानी पाहा. अकोल्याला डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे. पंजाबरावांची डॉक्टरेट ऑक्सफर्डची, वैदिक वाङ्मयातल्या धर्मविचारावरची. छत्रपती संभाजीनगरला डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ आहे. बाबासाहेबांना लंडन विद्यापीठाने १९२३ साली डी.एससी. दिली, कोलंबिया विद्यापीठाने १९२७ साली पीएच.डी.; दोन्ही प्रबंध अर्थशास्त्राचे. ज्ञानकोशकार केतकरांची पीएच.डी. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाची. या तिघांचं ‘डॉ.’ खरं की खोटं, असा प्रश्न कुणाच्या मनातही येत नाही. तुमचंही त्याच जातकुळीचं आहे.

दवाखान्यातले डॉक्टरही खरेच. एकच शब्द दोन जण वापरतात म्हणून घोटाळा होतो. तो कसा टाळायचा हे प्रश्न ७ आणि ९ मध्ये पाहा.

२. राज्यघटनेने किताब बंद केले आहेत ना? मग ‘डॉ.’ कसं चालतं?

घटनेच्या अनुच्छेद १८ ने किताब रद्द केले, पण त्याच वाक्यात लष्करी आणि विद्याविषयक बहुमान वगळले आहेत. ‘डॉ.’ हा विद्याविषयक बहुमान आहे, म्हणून त्याला आडकाठी नाही. पद्म पुरस्कारांचं मात्र वेगळं आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली स्पष्ट केलं की ‘पद्मश्री’, ‘पद्मभूषण’ वगैरे नावाआधी किंवा नावानंतर किताबासारखे लावता येत नाहीत. निमंत्रणपत्रिका छापणाऱ्यांनी हे मुद्दाम लक्षात ठेवावं, कारण आपल्याकडे ‘पद्मश्री डॉ. अमुक’ असं सर्रास छापलं जातं. त्यातलं ‘डॉ.’ नियमात बसतं, ‘पद्मश्री’ बसत नाही.

३. लिहायचं कसं? पी.एच.डी. की पीएच.डी.?

पीएच.डी. मूळ लॅटिन शब्दसमूहातल्या पहिल्या शब्दाची पहिली दोन अक्षरं एकत्र घेतली आहेत, म्हणून ‘पीएच’ अखंड. ‘पी.एच.डी.’ हे चुकीचं आहे आणि ते संशोधकांच्याच बायोडेटात दिसतं तेव्हा मला वाईट वाटतं. मराठीत या पदवीला विद्यावाचस्पती म्हणतात. ‘डॉ’ पुढे टिंब द्या, कारण तो संक्षेप आहे.

लेखनात एरवी नावाआधी ‘डॉ.’ आणि नावानंतर ‘पीएच.डी.’ अशी दोन्हीकडून पदवी लावू नये. ती द्विरुक्ती होते. अपवाद पाटीचा आणि व्हिजिटिंग कार्डाचा, तो प्रश्न ७ मध्ये आहे.

४. नेमकं कोणत्या दिवसापासून लावायचं? मौखिकी झाली त्या संध्याकाळपासून?

नाही. मौखिकी झाल्यावर परीक्षक शिफारस करतात. पदवी देतं विद्यापीठ. विद्यापीठाची अधिसूचना निघाली, तुमचं नाव, विषय आणि प्रबंधाचं शीर्षक त्यात आलं, की त्या तारखेपासून तुम्ही डॉक्टर. पदवीदान समारंभापर्यंत थांबायची गरज नाही. तोवर तात्पुरतं प्रमाणपत्र मिळतं आणि नोकरीच्या अर्जाला तेच जोडतात.

मौखिकी ते अधिसूचना हा काळ काही ठिकाणी आठ दिवसांचा असतो, काही ठिकाणी महिन्यांचा. मित्रमंडळी त्याच दिवशी ‘डॉ.’ म्हणून अभिनंदनाचे फलक लावतात, त्यांना कोण अडवणार? पण तुमच्या सहीने जाणाऱ्या कोणत्याही कागदावर अधिसूचनेआधी ‘डॉ.’ नको. एका मुलाखतीच्या अर्जात मौखिकीनंतर लगेच ‘डॉ.’ लिहिलं, छाननीत तारखा जुळल्या नाहीत आणि उमेदवाराला लेखी खुलासा द्यावा लागला. ही माझ्याच विद्यार्थिनीची गोष्ट. पदवी खरी होती, घाई नडली.

प्रबंध सादर केलेल्यांनी ‘पीएच.डी. (प्रबंध सादर)’ असं लिहावं. नोंदणी झालेल्यांनी ‘संशोधक विद्यार्थी’ म्हणावं. त्यात कमीपणा काहीच नाही.

५. आधार, पॅन, पासपोर्टवर ‘डॉ.’ घालून घेता येतं का? त्यासाठी राजपत्रात नाव बदलावं लागतं का?

‘डॉ.’ हा तुमच्या नावाचा भाग नाही, पदवीचा निर्देश आहे. आधार आणि पॅनच्या अर्जांच्या सूचनांतच सांगितलेलं असतं की नावाआधी श्री., सौ., डॉ. असं काही लावू नका. पासपोर्टलाही तेच. नाव बदललेलंच नसल्यामुळे राजपत्रात देण्यासारखं काही नाही. कुणी एजंट ‘राजपत्रात डॉ. करून देतो’ म्हणाला तर पैसे वाचवा.

नोकरीत असाल तर एक गोष्ट मात्र वेळेवर करा : अधिसूचना आणि प्रमाणपत्राची प्रत आस्थापनेकडे देऊन सेवापुस्तकात वाढीव अर्हतेची नोंद करून घ्या. नाव तेच राहतं, अर्हता वाढते. पुढे पदोन्नतीच्या वेळी हीच नोंद शोधली जाते.

६. बँकेत आणि विमानाच्या तिकिटावर?

बँकेच्या अर्जात संबोधनाचा रकाना असतो, त्यात ‘डॉ.’ असेल तर निवडा. एका बँकेत मला काउंटरवर सांगण्यात आलं की हा पर्याय “फक्त दवाखान्यावाल्यांसाठी” आहे. मी पदवीची प्रत दाखवली, शाखाधिकाऱ्यांनी दुरुस्ती केली. आवाज न चढवता, पण मागे न हटता सांगायचं.

विमानाच्या तिकिटाला मी स्वतः ‘डॉ.’ निवडत नाही. एक कारण प्रश्न ९ मध्ये आहे. दुसरं साधं आहे : आरक्षणाच्या नोंदीत संबोधन बऱ्याचदा पहिल्या नावाला चिकटून छापलं जातं, म्हणजे नावाच्या शेवटी ‘डीआर’ ही दोन इंग्रजी अक्षरं येतात. विमान कंपन्यांना हे ठाऊक असतं, पण पहिल्यांदा परदेशी निघालेल्या माणसाच्या पोटात पासपोर्ट आणि तिकीट शेजारी धरल्यावर गोळा येतो.

७. घराच्या पाटीवर ‘डॉ.’ लिहू का?

लिहा, पण खाली विषय लिहा. यावर मी जरा सविस्तर सांगते.

माझ्या दारावर पितळी पाटी होती. ‘डॉ.’ आणि पुढे नाव, बस्स. वडिलांनी हौसेने करून आणलेली. पावसाळ्यातली रात्र, साडेअकरा वाजलेले, लाइट गेलेली. दारावर थाप पडली. आमच्या गल्लीत महिन्याभरापूर्वी राहायला आलेली बाई भिजत उभी, कडेवर दीड-दोन वर्षांचं पोर, अंग तापाने फणफणलेलं. “डॉक्टरीणबाई, बघा ना जरा, डोळेच उघडंना.” मी सांगितलं, मी औषधाची डॉक्टर नाही हो, कॉलेजात शिकवते. ती क्षणभर माझ्याकडे बघत राहिली आणि मग पाटीकडे बघितलं. मी तिला अंगावर घ्यायला चादर दिली, यांनी गाडी काढली, आम्ही ग्रामीण रुग्णालयात गेलो. पोर बरं झालं, आता शाळेत जातं. पण ती आधी माझ्या दारी आली, तिथून आम्ही निघालो, यात तिची दहा-पंधरा मिनिटं गेली, आणि ती माझ्या पाटीमुळे गेली.

दुसऱ्या दिवशी पाटी उतरवली. आता दोन ओळी आहेत. पहिल्या ओळीत ‘डॉ.’ आणि नाव, दुसऱ्या ओळीत ‘पीएच.डी. (वनस्पतिशास्त्र)’, तेवढ्याच ठळक अक्षरांत. पाटी करणारा म्हणाला, दुसरी ओळ बारीक घेऊ, उठून दिसेल. मी म्हटलं, रात्री विजेरीच्या उजेडात वाचता आली पाहिजे. म्हणूनच द्विरुक्तीचा नियम (प्रश्न ३) मी पाटीसाठी बाजूला ठेवते. व्हिजिटिंग कार्डालाही हेच लागू.

८. गाडीवर ‘डॉक्टर’चं स्टिकर?

नको. ते स्टिकर बघून लोक गाडीला वाट देतात, नाकाबंदीत पोलीस सोडतात, ते रुग्णासाठी. आणि लाल क्रॉस तर वैद्यकीय डॉक्टरांनीही लावायचा नाही. त्या चिन्हाला जिनिव्हा करार अधिनियम, १९६० ने संरक्षण आहे.

९. कुणी तब्येतीबद्दल विचारलं तर काय सांगायचं? “कुणी डॉक्टर आहे का?” अशी हाक आली तर?

पहिल्याच वाक्यात स्पष्ट सांगा : “मी पीएच.डी. आहे, वैद्यकीय डॉक्टर नाही.” संकोचाने पुटपुटू नका, समोरचा घाबरलेला असतो आणि त्याला अर्धवट ऐकू येतं. लगेच पुढचं काम करा : १०८ ला फोन लावा, जवळचा दवाखाना सांगा, सोबत जा.

गोळीचं नाव सुचवू नका, कुणाचा रिपोर्ट वाचून निदान सांगू नका. नात्यातली माणसं हटकून विचारतात. गावाकडे गेलं की काकू शुगरचा कागद पुढे करतात. “काकू, हे तुमच्या डॉक्टरांनाच दाखवा, मी येते हवं तर बरोबर,” एवढं पुरतं. नोंदणी नसताना वैद्यकीय व्यवसाय करणं हा राष्ट्रीय वैद्यकीय आयोग अधिनियम, २०१९ च्या कलम ३४ खाली गुन्हा आहे. एक वर्षापर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. ‘डॉ.’ लावणं गुन्हा नाही. ‘डॉ.’ लावून उपचार करू लागणं गुन्हा आहे.

आहारशास्त्र, मानसशास्त्र, औषधनिर्माणशास्त्र अशा विषयांत पीएच.डी. असलेल्यांनी दुप्पट जपावं. तुमचा विषयच आरोग्याला लागून आहे, त्यामुळे ऐकणाऱ्याचा गैरसमज लवकर होतो. जाहिरातीत, व्याख्यानाच्या पत्रकात ‘डॉ.’ सोबत विषय छापल्याशिवाय परवानगी देऊ नका.

१०. ‘प्रा. डॉ.’ असं दोन्ही लावायचं का?

महाराष्ट्रात रूढ आहे : ‘प्रा.’ हे पद, ‘डॉ.’ ही पदवी. पद आधी, पदवी नंतर. म्हणूनच ‘प्राचार्य डॉ.’ असा क्रम. तांत्रिकदृष्ट्या सहायक प्राध्यापक, सहयोगी प्राध्यापक आणि प्राध्यापक ही वेगवेगळी पदं आहेत, तरी बोलण्यात सगळेच ‘प्रा.’ होतात. अधिकृत कागदावर नावाआधी नुसतं ‘डॉ.’ आणि नावाखाली नेमकं पद लिहावं. निवृत्तीनंतर पद सुटतं, पदवी राहते.

हाक कशी मारतात? बहुतेक ठिकाणी ‘सर’ किंवा ‘मॅडम’. नुसतं ‘डॉक्टर’ ही हाक आपल्याकडे दवाखान्यासाठीच राखीव आहे आणि ती तशीच राहू द्यावी असं मला वाटतं. पंजाबरावांना लोक भाऊसाहेब म्हणत, भीमरावांना बाबासाहेब. पदवी कागदावर, माया हाकेत.

११. लग्नपत्रिकेत काय छापायचं? आणि ‘डॉ. सौ.’ की ‘सौ. डॉ.’?

वधूसाठी ‘चि. सौ. कां. डॉ. अमुक’ आणि वरासाठी ‘चि. डॉ. अमुक’ असं छापतात. आशीर्वादाचं संबोधन आधी, पदवी नावाला लागून. पत्रिकेत विषय लिहायची गरज नाही, तिथे कुणी औषध मागायला येत नाही.

विवाहितेच्या बाबतीत ‘डॉ. सौ.’ आणि ‘सौ. डॉ.’ दोन्ही वापरात आहेत. मी नुसतं ‘डॉ.’ लिहिते आणि माझ्या विद्यार्थिनींनाही तेच सुचवते. व्यासपीठावर शेजारी बसलेल्या पुरुषाची ओळख ‘डॉ. श्री.’ अशी होत नाही, मग बाईचीच का? लग्नानंतर आडनाव बदललं तरी पदवी तुमचीच. फक्त पदवी प्रमाणपत्रावरचं नाव आणि आताचं नाव जोडणारा कागद (विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्र) हाताशी ठेवा.

पतीची पीएच.डी. झाली म्हणून पत्नी ‘डॉ.’ होत नाही, हेही विचारलं जातं. ‘डॉ. अमुक व सौ. तमुक’ असं लिहावं. दोघंही डॉक्टरेट असतील तर दोघांच्याही नावाआधी वेगवेगळं ‘डॉ.’, एकाच ‘डॉ.’मध्ये दोघांना गुंडाळू नका.

१२. आमच्या नात्यातले एकजण डी.लिट. झाले, मानद. ते ‘डॉ.’ लावतात. चालतं का?

मानद पदवी हा विद्यापीठाने केलेला सन्मान आहे. तो मिळालेल्या व्यक्तीने दैनंदिन व्यवहारात ‘डॉ.’ लावू नये असा विद्यापीठीय जगातला संकेत आहे. लता मंगेशकरांना एकाहून अधिक विद्यापीठांनी मानद डॉक्टरेट दिली. त्या आपल्यासाठी लतादीदीच राहिल्या. नात्यातल्या माणसाला भर समारंभात टोकू नका. परिचयात ‘अमुक विद्यापीठाची मानद डी.लिट.’ असं पूर्ण वाक्य लिहून द्या, त्यात सन्मानही राहतो.

एक लक्षात घ्या : प्रबंध लिहून मिळवलेली डी.लिट. किंवा डी.एससी. वेगळी. तिला हे लागू नाही.

१३. हॉटेलच्या हॉलमध्ये समारंभ, ‘नोंदणी शुल्क’ भरलं की डॉक्टरेट. ही पदवी धरायची का?

धरायची नाही. विद्यापीठ अनुदान आयोग अधिनियम, १९५६ च्या कलम २२ नुसार पदवी देण्याचा अधिकार कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठांना, अभिमत विद्यापीठांना आणि संसदेने खास अधिकार दिलेल्या संस्थांनाच आहे. आयोग बनावट विद्यापीठांची यादी आपल्या संकेतस्थळावर देत असतो, ती एकदा पाहा.

या गोष्टीची मला मनापासून चीड आहे. झाडाखाली तीन-तीन पावसाळे बसून नोंदी करणारी माझी विद्यार्थिनी आणि शाल-श्रीफळासकट डॉक्टरेट विकत घेणारा माणूस यांच्या नावाआधी तेच एका अक्षराचं ‘डॉ.’ लागतं. कुणाची पदवी पडताळायची असेल तर ‘शोधगंगा’वर प्रबंध शोधा, भारतीय विद्यापीठांचे प्रबंध तिथे जमा होतात. जुने प्रबंध तिथे नसूही शकतात, म्हणून सापडला नाही एवढ्यावरून कुणाला खोटं ठरवू नका, विद्यापीठाकडे विचारा.

१४. एम.फिल. झालेल्यांना ‘डॉ.’ लावता येतं का?

नाही. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या विनियमांनी एम.फिल. बंदही केलं.

१५. मी जर्मनीत नोकरीला चालले आहे. पीएच.डी. पुण्याची. तिथे ‘डॉ.’ लावू?

आपल्याकडच्या सवयीने लावू नका. जर्मनीत डॉक्टर पदवी पासपोर्टवर आणि ओळखपत्रावरही नोंदवता येते, दारावरच्या घंटीशेजारीही ती दिसते. पण अधिकार नसताना ती वापरणं हा तिथल्या दंडसंहितेनुसार गुन्हा आहे. भारतातली पीएच.डी. साधारणपणे मूळ रूपातच, म्हणजे नावानंतर ‘पीएच.डी.’ आणि विद्यापीठाचं नाव, अशी लिहावी लागते. तिथल्या प्रत्येक राज्याचे नियम आहेत. करारावर सही करण्याआधी नियोक्त्याच्या मनुष्यबळ विभागाला लेखी विचारा.

१६. मॅडम, मी ‘डॉ.’ लावलं की नातेवाईक म्हणतात “मिरवते”. लावावं की नको?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त मुलींकडून आणि घरात पहिल्यांदाच शिकलेल्यांकडून येतो. ज्यांच्या घरी आजोबाही डॉक्टरेट होते त्यांना तो पडत नाही.

लावा. महाविद्यालयात, लेखावर, परिषदेत, पत्रव्यवहारात, निमंत्रणपत्रिकेवर बिनदिक्कत लावा. माझ्या एका विद्यार्थ्याची आई ऊसतोडीला जायची. त्याची अधिसूचना निघाली तेव्हा त्याने महाविद्यालयातल्या टपालखान्यातून आईच्या नावाने पोस्टकार्ड टाकलं आणि पाठवणाऱ्याच्या जागी पहिल्यांदा ‘डॉ.’ लिहिलं. तिला वाचता येत नव्हतं. पोस्टमनने ओट्यावर बसून वाचून दाखवलं आणि तिने ते दोनदा वाचायला लावलं. अशा घरातल्या मुलाला “कशाला एवढं” म्हणणाऱ्यांनी आधी ते पोस्टकार्ड बघावं.

कुठे लावू नये? भाजीवाल्याला, रिक्षावाल्याला नाव सांगताना, सोसायटीच्या भांडणात वजन पाडायला. आणि जिथे आजारी माणूस गैरसमज करून घेईल तिथे तर कधीच नाही.

१७. पदवी नंतर रद्द झाली तर?

‘डॉ.’ त्याच दिवशी काढायचं. वाङ्मयचौर्याबाबत यूजीसीचे २०१८ चे विनियम आहेत. पदवी मिळाल्यानंतर चोरी सिद्ध झाली तर ठरावीक काळासाठी पदवी स्थगित ठेवण्याची तरतूद त्यात आहे. त्या काळात ‘डॉ.’ही लावू नये.

१८. वडिलांनी प्रबंध सादर केला होता, मौखिकीच्या आधीच ते गेले. शोकपत्रिकेत ‘कै. डॉ.’ लिहू का?

हा मेसेज मला दोनदा आला आहे, दोन वेगवेगळ्या घरांतून. पदवी विद्यापीठाने दिल्याशिवाय ‘डॉ.’ लिहिता येत नाही, इथेही नाही. पण ‘पीएच.डी. (प्रबंध सादर)’ असं नावाखाली लिहा, आणि प्रबंधाचं पूर्ण शीर्षक छापा. मार्गदर्शकांना भेटून विद्यापीठाकडे अर्ज करा, पुढे काय होऊ शकतं ते परीक्षा विभागाकडून लेखी घ्या. प्रबंधाची एक बांधीव प्रत मागून घरी ठेवा. पहिल्या पानावर त्यांची सही असते.